शेवटची भाकरी कुणाची?

दोस्तांनो, आधी एका प्रश्नाचं अगदी खरं उत्तर द्या बघू. शेजारी आई बसली असेल तर मनातल्या मनात द्या. पाटीवरची पेन्सिल तुमच्यापैकी कितीजणांनी खाल्ली आहे? नुसती जिभेला लावून बघितली ती नव्हे हं, चांगली कुडूम कुडूम चावून?

आमच्या चाळीतली एक ताई खायची. चांगली नववीतली घोडी! आता शाळेत पाटी कोण नेतं? पण कोपऱ्यावरच्या दुकानात पेन्सिलींचं खोकं अजून मिळतं. ‘छोटूला अक्षरं काढायला हवंय’ असं सांगून ती ते आणायची आणि छोटूच्या वाट्याला जेमतेम दोन तुकडे यायचे. काकूंनी रागावून पाहिलं, खोकं फळीवर लपवून पाहिलं. पण ताईचं एकच म्हणणं, ‘वास आला ना, की राहवतच नाही गं!’

मग एका सोमवारी शाळेत प्रार्थना चालू असताना ताई धाडकन खाली पडली. ‘उपाशी आली असेल’ असं सगळे म्हणाले. ताई म्हणाली, ‘उपाशी कुठे? चहा-चपाती खाऊन आले होते.’ काकू तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी बोटाने जराशी ओढून पाहिली. आतला भाग लालसर हवा, तो पांढुरका दिसत होता. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, ‘माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ असलं काही खातेस का गं?’ ताईने आईकडे पाहिलं, आईने ताईकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंना कसं कळलं? या चाळीत तर त्या कधी आल्यासुद्धा नव्हत्या!

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन निघालं ९.१. ताईच्या वयाच्या मुलीला ते निदान १२ हवं.

आता हे हिमोग्लोबिन म्हणजे काय? आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत ते असतं. फुप्फुसांतला प्राणवायू उचलायचा आणि डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचा, हे त्याचं काम. ते तयार व्हायला लागतं लोह. हो, तेच, ज्याचे खिळे आणि तवे होतात तेच लोह. फक्त शरीराला लागतं ते चिमटीत मावणार नाही इतकं थोडं. तेवढंही मिळालं नाही की हमाल कमी पडतात. दोन जिने चढलं की धाप लागते, धडा तीनदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही, संध्याकाळी खेळायला जायचा कंटाळा येतो आणि घरातले म्हणतात, ‘आळशी झालीय नुसती!’ माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटणं हीसुद्धा पुष्कळदा लोह कमी पडल्याची खूण असते. पेन्सिल खाणारा प्रत्येकजण आजारी असतो असं नाही, पण डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट आहे ही. लाजायचं कारण नाही.

बरं, ताईच्या घरात काही खायची टंचाई नव्हती. मग लोह कमी का पडलं? मला उत्तर सापडलं ते एका रात्री त्यांच्याकडे जेवायला बसल्यावर.

पंगतीला होते काका, आजी, अकरावीतला दादा, चार वर्षांचा छोटू आणि मी. काकू भाकऱ्या थापत होत्या आणि ताई वाढत होती. दादाने चार भाकऱ्या सहज उडवल्या. (त्याला नावं ठेवू नका, त्याचं पुढे सांगतो.) मटकीची उसळ त्याने तीनदा घेतली. छोटूने दोन घास खाऊन ‘नको’ म्हटलं, म्हणून त्याला पेलाभर दूध मिळालं. आम्ही उठलो, मग काकू आणि ताई बसल्या. टोपलीत दोन भाकऱ्या होत्या. तेवढ्यात दादा परत आला, ‘आई, अजून एक आहे का गं?’ काकूंनी आपली अर्धी आणि ताईने आपली अर्धी त्याला दिली. उसळीच्या पातेल्यात राहिला होता रस्सा. ताईने त्यात भात कालवला आणि जेवण उरकलं. कुणी कुणावर अन्याय केला असं कुणालाच वाटलं नाही. ताईला तर नाहीच नाही!

आता जरा आकडे बघू. कंटाळू नका, थोडेच आहेत. भारतातल्या माणसांनी कोणत्या वयात किती खावं हे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ठरवते. तिने २०२० साली नवे तक्ते काढले. त्यात लिहिलंय की १३ ते १५ वर्षांच्या, बऱ्यापैकी हिंडत्या-खेळत्या मुलाला दिवसाला २,८६० कॅलरी लागतात आणि मुलीला २,४००. म्हणजे मुलीला भाकरी थोडी कमी चालेल. आणि लोह? मुलाला २२ मिलिग्रॅम, मुलीला ३०!

परत वाचा. जिला जेवण कमी लागतं, तिला लोह जास्त लागतं. याचं कारण सरळ आहे. वाढत्या वयात अंगातलं रक्तच वाढत असतं, ते मुलगा-मुलगी दोघांचंही. पण मुलीची पाळी सुरू झाली की दर महिन्याला थोडं रक्त जातं आणि त्याच्याबरोबर लोहही जातं. ते भरून काढायचं असतं जेवणातूनच. म्हणजे तिचा घास लहान असला तरी तो जास्त कसदार हवा. आणि आपण तिला काय देतो? पातेल्याच्या तळाचा रस्सा!

हे काही एका ताईचं रडगाणं नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. वर्गात चाळीस मुली असतील तर तेवीस-चोवीस! आणि मुलग्यांनो, हसू नका. तुमच्यातलेही ३१ टक्के निघाले.

आता दादाचं सांगतो. तो अधाशी नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ३,३२० कॅलरी लागतात आणि दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या त्याच्या बाबांना साधारण २,११०. तेव्हा मुलगा बापापेक्षा जास्त जेवला तर घरच्यांनी डोळे वटारू नयेत. त्याची हाडं लांब होतायत, स्नायू भरतायत. फक्त ही भूक त्याने कशाने भागवायची? कॉलेजच्या दारातल्या वडापावाने एखाद्या दिवशी भागवली तर भागवू दे बापडा, मीही भागवायचो. पण रोज नको. हाडं भरायची ती याच वयात. विशीपर्यंत बहुतेक भरून होतात, मग नुसती सांभाळायची. त्यासाठी या वयात दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. दूध परवडत नसेल किंवा आवडत नसेल तर नाचणीकडे बघा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं, शंभर मिलिलिटर दुधात सव्वाशेच्या आतबाहेर. कोकणातल्या आज्या बाळाला नाचणीचं सत्त्व भरवतात ते उगाच नाही.

आणि छोटू? चार वर्षांच्या पोराची भूक कमी झाली की घरभर काळजी सुरू होते. पण बाळ पहिल्या वर्षात जन्माच्या तिप्पट वजनाचं होतं. तो वेग पुढे राहिला असता तर छोटू आज हत्तीएवढा झाला असता! म्हणून भूक कमी होते. त्याचं पोटही लहान, तेव्हा थोडं थोडं, पण चार-पाच वेळा द्यावं. मात्र जेवला नाही की दूध, परत नाही जेवला की परत दूध, असं करू नये. दुधात लोह जवळजवळ नसतंच. पोट भरतं, छोटू गुबगुबीत दिसतो आणि रक्त मात्र कमी पडतं.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. इथल्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाच्या सुमारास फार वाईट रक्तक्षय व्हायचा, कित्येकजणी दगावायच्या. ते कशाने, हे तिला शोधायचं होतं. तिने जंतू शोधले, आणखी काय काय शोधलं, आणि शेवटी बघायला लागली या बायका जेवतात काय ते. यीस्टपासून बनवलेलं एक काळं, चिकट, खारट चाटण इंग्लंडात पावाला लावून खातात. ते तिने या बायकांना दिलं आणि त्या बऱ्या व्हायला लागल्या! त्या चाटणात काय होतं ते कळायला आणखी दहाएक वर्षं गेली. ते होतं फॉलिक ॲसिड. पालेभाज्यांत, कडधान्यांत असतं तेच. म्हणजे परळ-लालबागच्या गिरण्यांनी भरलेल्या मुंबईत लागलेला हा शोध आज जगभरच्या आयांच्या उपयोगी पडतो. आणि तुमच्याही. कसा ते सांगतो.

सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्याला एक निळी गोळी वाटतात, आठवतंय? तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि सोबत ल्यूसीबाईंचं फॉलिक ॲसिड. लहान मुलांना गुलाबी गोळी असते. ही गोळी वर्गाच्या खिडकीतून बाहेर भिरकावण्यात पटाईत असलेले काही वीर मला ठाऊक आहेत. ‘मळमळतं’ म्हणतात. मळमळतं, कारण रिकाम्या पोटी घेता. जेवून घ्या. दुसऱ्या दिवशी शी काळी झाली तर घाबरू नका, ते लोहामुळेच. जंताची गोळीही सोडू नका. आकड्यासारखे जंत आतड्याला चिकटून रक्तच पितात. तुम्ही जेवायचं आणि मेजवानी त्यांची!

ताईला डॉक्टरीणबाईंनी रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. पण जास्त वेळ त्या बोलल्या खाण्याबद्दल. पहिली काट त्यांनी मारली चहा-चपातीवर. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, चहा ते अडवून धरतो. चहा प्यायचाच तर जेवणाच्या आधी किंवा नंतर तासभर सोडून. याच्या उलट लिंबाचं. उसळीवर, पालेभाजीवर पानात वाढल्यावर लिंबू पिळलं की तेच लोह जास्त चांगलं शोषलं जातं. (कढईत पिळू नका, उष्णतेने त्यातलं क जीवनसत्त्व जातं.) लिंबू नसेल तर पेरू, आवळा. पेरू तर शाळेबाहेर तिखट-मीठ लावून मिळतोच! मोड आलेली कडधान्यं, मेथी, राजगिरा, चवळीची पानं, बाजरीची भाकरी, अळिवाचे लाडू. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण सहा मिलिग्रॅम लोह असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही. घरात चालत असेल तर मटण, कलेजी, मासळी. त्यांतलं लोह सगळ्यांत पटकन अंगी लागतं. आणि आजीची माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली काढा, भाजीत थोडं लोह तीही सोडते.

‘मी बारीक व्हायचंय’ म्हणून सकाळचं खाणं सोडणाऱ्या मैत्रिणींना मी एवढंच विचारीन, तिसऱ्या तासाला गणित सुटतं का?

काकूंनी घरात एकच बदल केला. उसळ झाली की सगळ्यांच्या वाट्या आधी भरून ठेवायच्या, मग पानं घ्यायची. ज्याची वाटी त्याची. दादाला हवं तर भाकरी आणखी दोन, पण वाटीला हात लावायचा नाही. आजी आठवडाभर कुरकुरल्या, ‘आमच्यात अशी पद्धत नव्हती’ म्हणाल्या. मग एकदा त्यांचंच हिमोग्लोबिन तपासलं, तेव्हापासून आपली वाटी त्या स्वतः भरून घेतात.

तीन महिन्यांनी ताईचं हिमोग्लोबिन ११.८ निघालं. गोळ्या अजून चालू आहेत. परवा मी गेलो तेव्हा दादा भाकऱ्या थापत होता. नकाशे नुसते! टोपलीत शेवटची एक उरली होती. दादाने हात पुढे केला, तर ताई म्हणाली, ‘थांब, माझं पोट भरायचंय अजून.’ छोटू कोपऱ्यात बसून फरशीवर पेन्सिलीने हत्ती काढत होता. खोकं आता त्याच्याच ताब्यात असतं.