म्हैसूरच्या राजवाड्याने जगवलेले सूर

२२ मे १९५०. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. रंगमंचावर फिलहार्मोनिया हा वाद्यवृंद, त्याच्या पुढे संचालक विल्हेल्म फुर्टवेंगलर आणि गायला उभी राहिलेली नॉर्वेची विख्यात गायिका कर्स्टन फ्लागस्टाड. त्या रात्री रसिकांनी जी चार गाणी ऐकली, ती त्याआधी कुणीही जाहीरपणे गायलेली नव्हती. जर्मन रचनाकार रिचर्ड स्ट्राउस याने वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती रचली आणि कानावर पडण्याआधीच, सप्टेंबर १९४९ मध्ये, त्याने जगाचा निरोप घेतला. ‘चार अखेरची गाणी’ या नावाने ती आज जगभर गायली जातात.

या मैफलीची आर्थिक हमी ज्याने घेतली होती, तो माणूस मात्र सभागृहात नव्हता. तो होता हजारो मैल दूर, चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी. ४८०० डॉलरची, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २३ हजार रुपयांची ही हमी दिली होती म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी. त्यांची अट एकच होती. मैफलीचे ध्वनिमुद्रण व्हावे आणि ते म्हैसूरला पाठवले जावे!

म्हैसूर म्हटले की आपल्याला दसऱ्याची अंबारी, चंदनाचा दरवळ, रेशमी साड्या आणि तोंडात विरघळणारा म्हैसूरपाक आठवतो. शहराचे नाव २०१४ पासून ‘मैसूरु’ झाले, तरी मराठी माणसाच्या तोंडी अजून म्हैसूरच आहे. पण युरोपातल्या नव्या, कुणी फारशा न ऐकलेल्या अभिजात संगीताला याच शहराने एकेकाळी आधार दिला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

पियानो सोडून सिंहासनावर

म्हैसूरचा दरबार संगीताचे माहेरघर होता. नलवडी कृष्णराज वाडियार यांच्या पदरी वीणावादक वेंकटगिरियप्पा, वासुदेवाचार्य, व्हायोलिनवादक चौडय्या असे एकाहून एक मोहरे होते. आपल्याकडचे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँही या दरबारात गात. तिथल्या मुक्कामांत कर्नाटक संगीताचे जे संस्कार त्यांच्या गायकीवर झाले, ते जाणकार आजही त्यांच्या सरगमीत दाखवून देतात. आपल्या गवयांबरोबरच राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. तो शिकवायला ऑटो श्मिट हे जर्मन संगीतकार होते. कर्नाटक पद्धतीच्या वादकांनाही पाश्चात्त्य संगीत शिकण्याचे उत्तेजन मिळे.

कृष्णराजांचे पुतणे जयचामराजेंद्र १८ जुलै १९१९ रोजी जन्मले, ते अशा वातावरणात. पियानोवर त्यांचा जीव होता. मैफली गाजवणारा पियानोवादक व्हावे, हे त्यांचे स्वप्न होते. पण १९४० साल उजाडले आणि सगळे बदलले. मार्चमध्ये वडिलांचे, युवराज नरसिंहराजांचे, मुंबईत निधन झाले. ऑगस्टमध्ये काकाही गेले. एकविसाव्या वर्षी तरुणाच्या डोक्यावर मुकुट आला आणि पियानोवादक व्हायचे राहून गेले.

राहून गेलेली हौस माणूस दोन प्रकारे जगतो. एक तर कुढत बसतो, नाहीतर ती दुसऱ्याच्या हातून पुरी होताना बघतो. महाराजांनी दुसरा मार्ग धरला. अभ्यास त्यांनी सोडला नाहीच. १९४५ साली लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयाची पदविका आणि ट्रिनिटी कॉलेजची मानद फेलोशिप त्यांना मिळाली. त्यांच्या संग्रहात सुमारे वीस हजार ध्वनिमुद्रिका असल्याचे सांगत. एका तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटे मावत, त्या काळातली ही गोष्ट!

एक विसरलेला रशियन

त्याच सुमारास लंडनमध्ये एक वृद्ध रशियन रचनाकार हलाखीत दिवस काढत होता. निकोलाय मेडटनर त्याचे नाव. जन्म मॉस्कोचा, १८८० सालचा. रशियन क्रांतीनंतर १९२१ मध्ये त्याने मायदेश सोडला आणि पॅरिसमार्गे तो लंडनला येऊन राहिला. रॅखमानिनॉव्हसारखा जगप्रसिद्ध पियानोवादक त्याला आपल्या बरोबरीचा मानत असे. दोघांनी एकमेकांना आपापले कॉन्चेर्टो अर्पण केले होते.

पण मेडटनर काळाशी जुळवून घेणारा नव्हता. नवे संगीत जेव्हा कर्णकटू होऊ लागले, तेव्हा हा माणूस सुरेल, घट्ट विणीचे, सावकाश उलगडणारे संगीत लिहीत राहिला. नव्यांना तो जुनाट वाटे आणि जुन्यांना अवघड! त्यात महायुद्ध पेटले. जर्मन प्रकाशकांकडून येणारे पैसे थांबले. हृदयविकाराने गाठले. त्याची शिष्या एड्ना आइल्स हिने त्याला आणि त्याच्या पत्नीला आपल्या घरी नेऊन सांभाळले. त्या काळातच त्याने तिसरा पियानो कॉन्चेर्टो पुरा केला आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये लंडनमध्ये स्वतः वाजवला. तरीही प्रश्न होताच. हातात बळ आहे तोवर हे संगीत कुणी मुद्रित करून ठेवले नाही, तर ते आपल्याबरोबरच जाणार.

मदतीचा हात आला तो म्हैसूरहून. महाराजांनी ‘मेडटनर सोसायटी’ला पैसा पुरवला आणि एच.एम.व्ही. कंपनीने ध्वनिमुद्रणे सुरू केली. १९४७ मध्ये फिलहार्मोनिया वाद्यवृंदाच्या साथीने साठी उलटलेल्या मेडटनरने आपले तिन्ही कॉन्चेर्टो वाजवले. मग सोनाटा झाले, गाणी झाली. काही गाण्यांसाठी एलिझाबेथ श्वार्ट्झकॉफ ही पुढे अतिशय गाजलेली गायिका आली आणि पियानोवर खुद्द मेडटनर बसला. ज्याला कधी पाहिले नव्हते अशा दूरदेशीच्या राजाला त्याने आपला तिसरा कॉन्चेर्टो अर्पण केला.

त्याची शेवटची मोठी रचना होती पाच वाद्यांची. पियानो, दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. तरुणपणी हाती घेतलेली ही रचना १९४९ मध्ये पुरी झाली, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे ती त्याच्या मनात घोळत होती. नोव्हेंबर १९५१ मध्ये तो वारला.

खोलीतले संगीत

चार-पाच वादकांच्या अशा संगीताला ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. आपल्या दिवाणखान्यातल्या मैफलीसारखेच हे. समोर छडी हलवणारा संचालक नसतो. वादक एकमेकांच्या श्वासाकडे, नजरेकडे लक्ष ठेवून वाजवतात, जसे आपले गवई आणि तबलजी समेवर येताना एकमेकांकडे बघतात. मोठ्या वाद्यवृंदात एखादा सूर घसरला तर तो गर्दीत लपतो. इथे लपायला जागा नसते.

फिलहार्मोनियाचे मूळही अशाच छोट्या संचात आहे. वॉल्टर लेग या ध्वनिमुद्रण निर्मात्याने युद्धाच्या धामधुमीत चार वादकांचे ‘फिलहार्मोनिया क्वार्टेट’ उभे केले. त्याच नावाने १९४५ मध्ये पूर्ण वाद्यवृंद जन्माला आला. वादक अव्वल होते, पण खजिना रिकामा. लेग म्हैसूरला आले, राजवाड्यात राहिले आणि महाराजांचा संग्रह व व्यासंग पाहून थक्क झाले. तीन वर्षे दरसाल दहा हजार पौंड देण्याचे महाराजांनी कबूल केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम वर्षाला सव्वा लाख रुपयांच्या वर जाते. फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्षपदही महाराजांकडे आले. फारसे न वाजवले जाणारे संगीत लोकांपुढे यावे, हा त्यांचा आग्रह असे. बालाकिरेव्ह, रूसेल, बुसोनी ही नावे तेव्हा लंडनकरांच्याही नेहमीच्या ऐकण्यातली नव्हती.

घरातही हेच वेड होते. महाराजांची बहीण विजयादेवी वीणा शिकली आणि पियानोही. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड विद्यालयात तिने एडुआर्ड श्टॉयरमान यांच्याकडे धडे घेतले. हे श्टॉयरमान म्हणजे विसाव्या शतकातल्या संगीताला मुळापासून हादरवणाऱ्या शोनबर्गचे शिष्य. पुढे तिने बंगलोरमध्ये ‘इंटरनॅशनल म्युझिक अँड आर्ट्स सोसायटी’ स्थापन केली.

पैसा कुणाचा?

इथे वाचकाच्या मनात एक प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. १९४७ साली मेडटनर लंडनमध्ये ध्वनिमुद्रण करत होता, तेव्हा म्हैसूरमध्ये काय चालले होते? देश स्वतंत्र झाला होता आणि संस्थानातली जनता जबाबदार राज्यपद्धतीसाठी रस्त्यावर उतरली होती. ‘म्हैसूर चलो’ची हाक घुमत होती. ऑक्टोबरमध्ये महाराजांनी मागणी मान्य केली आणि के. सी. रेड्डी यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. अशा वेळी संस्थानिकाचा पैसा साता समुद्रापार एका परक्या संगीतकारासाठी खर्च व्हावा का?

याचे उत्तर सोपे नाही. बडोदा, कोल्हापूर, मिरज, सांगली या संस्थानांच्या आश्रयावर आपले संगीत आणि नाटक कसे तगले, हे मराठी माणसाला सांगायला नको. तोही पैसा अखेर रयतेचाच होता. एक मात्र खरे, की महाराजांनी घरचे सोडून दारचे जपले नाही. त्याच दशकात त्यांनी कर्नाटक संगीतात स्वतः रचना करायला घेतल्या. ‘श्रीविद्या’ या मुद्रेने त्यांनी ९४ कृती रचल्या. कर्नाटक संगीताच्या मैफलींत त्या आजही ऐकायला मिळतात.

महाराज पुढे राजप्रमुख झाले, मग म्हैसूर आणि मद्रास राज्यांचे राज्यपाल. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि २३ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. राजवाड्याच्या बँडचा वारसा पोलीस दलाच्या बँडकडे गेला आणि दसऱ्यात राजवाड्यासमोर तो वाजतो. फिलहार्मोनिया आजही लंडनच्या अग्रगण्य वाद्यवृंदांत गणला जातो. मेडटनरला गेल्या काही दशकांत नवे वादक लाभले आहेत. त्याची रचना कशी वाजवावी, असा प्रश्न पडला की ते पुन्हा म्हैसूरच्या पैशातून झालेल्या त्याच मुद्रणांकडे वळतात.

राजे गेले, राजाश्रयही गेला. नवे संगीत लिहिणारे आणि ते वाजवणारे चार-पाच जणांचे संच आजही जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. त्यांच्या मैफलीला गर्दी नसते, तिकीट फारसे खपत नाही. पुढच्या वेळी आपल्या गावात अनोळखी नावाच्या रचनाकाराचे संगीत वाजवणारा असा एखादा संच आला, तर एक संध्याकाळ त्यांच्यासाठी काढून ठेवायला हरकत नाही. तेवढा आश्रय देण्यासाठी राजा असावे लागत नाही.