मेंदूभोवतीचं पाणी

मोठ्या माणसाचा मेंदू भरतो साधारण १४०० ग्रॅम. पण कवटीत तो मेरुद्रव नावाच्या द्रवात तरंगत असल्याने त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम उरतो. हा नितळ द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलीटरच असतो, मात्र दिवसाकाठी जवळपास ५०० मिलिलीटर नव्याने तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. गर्भात तर त्याचं काम अधिकच मोलाचं: त्याच्या दाबाने मेंदूच्या पोकळ्या विस्तारतात, त्यातल्या प्रथिनांमुळे मूळ पेशी वाढतात. या द्रवाची वाट तुंबली, की तान्ह्या बाळाचं डोकं भराभर वाढतं, टाळू फुगते, बुबुळं खाली झुकतात. नळी बसवून हे पाणी पोटात वळवता येतं, पण वेळ दवडून चालत नाही. लसीकरणाला न्याल तेव्हा बाळाच्या डोक्याचा घेर आवर्जून मोजून घ्या.