हायड्रोजन ऊर्जा

हायड्रोजन ऊर्जा : हायड्रोजन वायू इंधन म्हणून जाळून अथवा इंधन-विद्युत् घटात त्याची ऑक्सिजनाशी विक्रिया घडवून मिळविण्यात येणारी ऊर्जा. दोन्ही रीतींत पाणी हाच मुख्य अंतिम पदार्थ असतो व कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होत नाही. विश्वात हायड्रोजन हे सर्वांत विपुल मूलद्रव्य असले, तरी पृथ्वीवर ते मुक्त स्थितीत अत्यल्प प्रमाणात आढळते. पाणी, खनिज तेल, नैसर्गिक वायू, जैव पदार्थ इत्यादींमध्ये ते संयुगांच्या रूपात असते. त्या संयुगांपासून ते अलग करण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. त्यामुळे हायड्रोजन हा दगडी कोळशाप्रमाणे ऊर्जेचा मूळ उद्‌गम नसून विजेप्रमाणे केवळ ऊर्जावाहक आहे. हायड्रोजनाधिष्ठित अर्थव्यवस्थेच्या शक्यता आणि अडचणी या दोन्हींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

इतिहास : हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये हा वायू एक स्वतंत्र पदार्थ असल्याचे दाखविले. १८०० मध्ये विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल यांनी विद्युत् प्रवाहाने पाण्याचे विच्छेदन केले, तर १८३९ च्या सुमारास विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह यांनी उलट क्रियेने, म्हणजे हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने, वीज मिळविली. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२३ मध्ये केंब्रिज येथील व्याख्यानात पवनचक्क्यांच्या विजेने हायड्रोजन तयार करून तो साठविण्याची कल्पना मांडली होती. ‘हायड्रोजन अर्थव्यवस्था’ ही संज्ञा १९७० मध्ये जॉन बॉक्रिस यांनी रूढ केली. १९७३ च्या तेलसंकटानंतर या विषयाला चालना मिळाली. परंतु तेलाचे भाव उतरताच ती मंदावली. हवामानबदलाच्या प्रश्नामुळे २०१५ नंतर त्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

निर्मिती : जगात दरवर्षी सु. ९.५ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन वापरला जातो. पण तो मुख्यतः इंधन म्हणून नव्हे, तर खनिज तेलाचे शुद्धीकरण, अमोनिया व मिथेनॉल यांच्या निर्मितीसाठी. यातील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूची वाफेशी विक्रिया करून किंवा कोळशाचे वायूकरण करून मिळवितात. पहिल्या पद्धतीत दर किग्रॅ. हायड्रोजनामागे सु. ९ ते १० किग्रॅ. व दुसरीत त्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. अशा ‘करड्या’ हायड्रोजनाने प्रदूषणाची जागा बदलते, प्रदूषण टळत नाही. बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड पकडून भूगर्भात साठविल्यास त्या हायड्रोजनाला ‘निळा’ आणि सौर, पवन इ. नवीकरणीय विजेने पाण्याचे विच्छेदन करून मिळविलेल्यास ‘हरित’ म्हणतात.

विद्युत् विच्छेदनात १ किग्रॅ. हायड्रोजनासाठी प्रत्यक्षात सु. ५० ते ५५ किलोवॉट-तास वीज लागते. अल्कधर्मी विद्रावाचे विच्छेदक तुलनेने स्वस्त व दीर्घकाळ चालणारे असतात. प्रोटॉन-विनिमय पटलाचे विच्छेदक कमीजास्त होणाऱ्या सौर व पवन विजेशी अधिक सहज जुळवून घेतात. मात्र त्यांना प्लॅटिनम व इरिडियम या दुर्मिळ धातूंची गरज असते. हरित हायड्रोजनाच्या किंमतीत विजेचा वाटा सर्वांत मोठा असतो. विच्छेदक दिवसातून थोडेच तास चालला, तर भांडवली खर्चाचा भारही वाढतो.

साठवण व वाहतूक : वजनाच्या मानाने हायड्रोजन हे अत्यंत समृद्ध इंधन आहे. १ किग्रॅ. हायड्रोजनापासून सु. १२० मेगॅजूल ऊर्जा मिळते. पेट्रोलाच्या बाबतीत हा आकडा सु. ४४ आहे. आकारमानाच्या मानाने मात्र स्थिती उलट आहे. समान दाबाला त्याची ऊर्जा नैसर्गिक वायूच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असते. म्हणून मोटारगाड्यांत तो सु. ७०० बार दाबाच्या टाक्यांत भरावा लागतो किंवा –२५३° से. तापमानाला त्याचे द्रवीकरण करावे लागते. द्रवीकरणात इंधनातील ऊर्जेच्या सु. ३०% इतकी ऊर्जा खर्च होते. हायड्रोजनाचा रेणू अतिसूक्ष्म असल्याने तो सांध्यांतून सहज निसटतो आणि काही पोलादांत शिरून त्यांना ठिसूळ बनवितो. त्यामुळे नैसर्गिक वायूचे नळ जसेच्या तसे वापरता येत नाहीत. दूरच्या वाहतुकीसाठी त्याचे अमोनियात रूपांतर करणे हा एक मार्ग आहे. तथापि अमोनिया विषारी असून त्यापासून पुन्हा हायड्रोजन मिळविण्यास ऊर्जा लागते.

सुरक्षितता : हवेतील हायड्रोजनाचे प्रमाण ४ ते ७५% असताना मिश्रण ज्वालाग्राही असते व अत्यल्प ठिणगीनेही ते पेट घेते. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ अदृश्य असते. मात्र तो हवेपेक्षा पुष्कळ हलका असल्याने उघड्यावर चटकन वर निघून जातो. धोका मुख्यतः बंदिस्त जागेत असतो. १९३७ मध्ये लेकहर्स्ट येथे हिंडेनबुर्क या जर्मन हवाई जहाजाला झालेल्या अपघातात ३६ माणसे दगावली. तेव्हापासून जनमानसात या वायूविषयी भीती आहे. परंतु खत व तेलशुद्धीकरण उद्योगांत तो अनेक दशके नियमितपणे हाताळला जात आहे.

उपयोगाची योग्य क्षेत्रे : नवीकरणीय विजेच्या १०० एककांपासून हायड्रोजन बनवून, दाबून व इंधन-विद्युत् घटात वापरून गाडीच्या चाकांपर्यंत सु. ३० ते ३५ एककेच पोहोचतात. विद्युत् घटमालेवरील गाडीत हे प्रमाण सु. ७० ते ८० असते. साहजिकच लहान वाहने व घरगुती उष्णता यांसाठी वीज थेट वापरणे फायद्याचे ठरते. जेथे वीज थेट उपयोगी पडत नाही, तेथे हायड्रोजनाचे खरे महत्त्व आहे. खतांसाठी लागणारा अमोनिया हे पहिले उदाहरण. दुसरे पोलादाचे : लोहधातुकाचे क्षपण कोकऐवजी हायड्रोजनाने केल्यास कार्बन डाय-ऑक्साइडाऐवजी वाफ बाहेर पडते. स्वीडनमधील लूलेओ येथे २०२१ मध्ये अशा रीतीने प्रायोगिक प्रमाणावर स्पंज लोह तयार करण्यात आले. सागरी जहाजे व वीज दीर्घकाळ साठविणे ही अन्य संभाव्य क्षेत्रे आहेत. अवकाशयानांत द्रव हायड्रोजन पूर्वीच प्रस्थापित झाला आहे. भारताने स्वदेशी क्रायोजेनिक एंजिन असलेले प्रक्षेपक यान जानेवारी २०१४ मध्ये यशस्वी रीत्या उडविले.

भारतातील स्थिती : विद्युत् विच्छेदनाचा भारताला आलेला अनुभव जुना आहे. पंजाबातील नानगल येथील खत कारखान्यात भाक्रा-नानगल प्रकल्पाच्या जलविद्युत् शक्तीने पाण्यापासून हायड्रोजन काढून अमोनिया बनवीत व त्याच्या जोडीने तेथे १९६२ मध्ये जड पाण्याचा कारखाना सुरू झाला. पुढे विजेची इतर मागणी वाढत गेली व कारखाना खनिज इंधनाकडे वळला. स्वस्त वीज दीर्घकाळ हाती राहिली तरच ही पद्धत टिकते, हे यावरून दिसते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. २०३० पर्यंत दरवर्षी ५० लाख टन हरित हायड्रोजन व त्यासाठी सु. १,२५,००० मेगॅवॉट नवी नवीकरणीय क्षमता, हे त्याचे उद्दिष्ट आहे. दर किग्रॅ. हायड्रोजनामागे २ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइडतुल्य उत्सर्जन ही ‘हरित’ ठरण्याची मर्यादा त्याच वर्षी निश्चित झाली. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये स्वतंत्र धोरण स्वीकारले. मुंबईतील तेलशुद्धीकरण कारखाने आणि तुर्भे व थळ येथील खत कारखाने यांमुळे राज्यात हायड्रोजनाला तयार मागणी आहे.

या उद्दिष्टाचे परिमाण लक्षात घेण्याजोगे आहे. ५० लाख टनांसाठी दरवर्षी सु. २५० अब्ज किलोवॉट-तास वीज लागेल. देशातील सध्याच्या वार्षिक वीजनिर्मितीशी हे प्रमाण सु. एक-सप्तमांश पडते. केवळ विक्रियेसाठी सु. ४.५ कोटी टन शुद्ध पाणी लागेल. शुद्धीकरण व शीतन धरता गरज याहून बरीच अधिक होईल. देशाच्या एकूण पाणीवापरात हा वाटा क्षुल्लक असला, तरी भरपूर सूर्यप्रकाशाचे प्रदेश बहुधा अवर्षणप्रवण असल्याने स्थानिक ताण संभवतो. किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोडे करून वापरणे शक्य असून त्याचा खर्च विजेच्या खर्चापुढे अल्प असतो.

भवितव्य : वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा मोठा असेपर्यंत सर्वसाधारण जाळ्यातील वीज वापरून हायड्रोजन बनविल्यास उत्सर्जन घटण्याऐवजी वाढेल, कारण ते करड्या हायड्रोजनापेक्षाही अधिक प्रदूषक ठरेल. म्हणून नवी नवीकरणीय क्षमता आधी उभी राहणे अत्यावश्यक आहे. खत व तेलशुद्धीकरण उद्योगांतील करडा हायड्रोजन हटविणे, नंतर पोलाद व जहाजवाहतूक यांकडे वळणे आणि लहान वाहनांसाठी वीज थेट वापरणे, हा क्रम तांत्रिक व आर्थिक दृष्ट्या युक्त ठरतो. खतासाठी आयात नैसर्गिक वायूवर अवलंबून असलेल्या भारतासारख्या देशात या संक्रमणाचा संबंध अखेरीस शेतकऱ्याला मिळणाऱ्या युरियाच्या किंमतीशी व शासनाच्या अनुदानाशीही पोहोचतो.