देवास गेटची नाशपाती

श्रावण लागला की आमच्या देवास गेटवर फळांच्या हातगाड्या वाढतात. एका अंगास रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगास मोटारींचा अड्डा, आणि सोमवारी महाकाळाच्या सवारीसाठी लोटणारी यात्रा. उपासाच्या निमित्ताने केळी आणि नाशपाती भराभर खपतात. दिवेलागणीला जी किंचित मऊ पडलेली उरतात, ती गाडीवाला निम्म्या भावात देऊन टाकतो. अशी नाशपाती कापून खाण्यात मजा नाही. शिजवायला मात्र तिच्यासारखे फळ विरळा.

अमेरिकेतल्या भाचीने पत्रातून ‘कॉबलर’ नावाच्या पक्वान्नाचे वर्णन धाडले, तेव्हा प्रथम हसू आले. इंग्रजीत त्या शब्दाचा दुसरा अर्थ जोडे शिवणारा! पण पदार्थ विचार करण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या तिथल्या कुटुंबांजवळ भट्टी नव्हती. होते ते लोखंडी जाड भांडे. त्यात फळे घालायची, वर पीठ सोडायचे, झाकणावर निखारे ठेवायचे.

वाचकहो, हे ऐकून कोकणातल्या कोणाला तवसळी आठवणार नाही? किसलेले तवसे, गूळ आणि तांदळाचा रवा यांना खालीवर विस्तव देऊन केलेले ते धोंडस! आईचे माहेर सावंतवाडीकडचे. पत्र वाचून दाखवताच ती म्हणाली, “अरे, यात नवल ते काय? आमच्याकडे झाकणावर निखारे काही कमी पडत नव्हते.” दरबारी गवई असलेले आमचे वडील गेल्यापासून आईचे जेवण दोन घासांवर आले आहे. बाजारच्या भट्टीतले अंड्याच्या संशयाने ती शिवत नाही. तेव्हा शिकवण्या आटोपल्यावर हा उद्योग मीच आरंभला.

चार नाशपाती सोलून, बिया काढून पातळ फोडी करा. दोन चमचे साखर, अर्धे लिंबू व चिमूटभर मीठ लावून ठेवा. एक वाटी मैदा (निम्मी कणीक घातली तरी चालते), पाऊण वाटी साखर, थोडी वेलची आणि पाव चमचा खाण्याचा सोडा कोरडेच मिसळा. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात पाव वाटी तूप तापवा. मग पिठात वाटीभर ताक ओता, चारदोन वेळा ढवळा आणि लगेच पातेल्यात सोडा. ताकाचा आंबटपणा सोड्याला लागताच वायू सुटू लागतो. घोटत बसलात तर तो पातेल्याबाहेरच उडून जाईल. फोडी वरून पसरा, ढवळू नका. पीठ फुगून त्यांच्या मधून आपोआप वर येते, आणि सगळी गंमत तीच.

पातेले जुन्या तव्यावर, मंद आचेवर. झाकणावर दुसरा, चांगला तापवलेला तवा ठेवा, आणि दर दहा मिनिटांनी तो पुन्हा तापवून घ्या. वरची आच नसेल तर पृष्ठभाग पांढुरका, आजाऱ्यासारखा राहतो. पाऊण तासाने सुरीचे टोक खुपसून पाहा. पीठ चिकटले नाही म्हणजे झाले. इथे घाई उपयोगाची नाही. हा विलंबित ख्याल आहे, तराणा नव्हे.

मैदा असल्यामुळे हे उपासाला चालत नाही, हे सोवळ्यातल्या मंडळींना सांगितलेले बरे. उन्हाळ्यात घट्ट आंब्याच्या फोडी घ्याव्यात. सीताफळाच्या वाटेस जाऊ नये. ते शिजवले की कडवटते.

आईने पहिल्या दिवशी वाटीभर खाल्ले, गार दूध घालून. नंतर चमचा खाली ठेवून म्हणाली, “साखरेऐवजी गूळ घालून बघ.” येत्या सोमवारी गूळ घालणार आहे.