तुकडा कुठून घ्यायचा, हे सांगणारा प्रकाश

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आणि दोन वैद्यकीय महाविद्यालयं. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात उभी केली. सावंगी (मेघे) इथलं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय 1990चं; त्याच्या रुग्णालयाला विनोबांचं नाव आहे. आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत कुणाचं पोटाचं दुखणं लांबलं की सल्ला मिळतो, ‘एकदा दुर्बीण टाकून घ्या.’

ही दुर्बीण, म्हणजे एन्डोस्कोप. जेमतेम एक सेंटीमीटर जाडीची, मीटरभर लांबीची, हवी तशी वळणारी नळी. टोकाला कॅमेरा आणि दिवा, आतून एक बारीक पोकळ वाट. त्या वाटेनं चिमटा सरकवून तपासणीसाठी अस्तराचा तुकडा काढायचा. 1868 साली जर्मनीत डॉक्टर कुसमाउल यांनी पोटात पाहण्यासाठी सरळ धातूची नळी वापरली, तीही तलवार गिळणाऱ्या कसरतपटूच्या घशातून. नळी वाकायला लागली ती काचतंतूंमुळे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी इंग्लंडमधल्या हॉपकिन्स यांच्यासोबत 1954 साली काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं. त्यावरचा त्यांचा निबंध वाचून अमेरिकेत डॉक्टर हिर्शोविट्झ कामाला लागले आणि 1957 साली त्यांची लवचिक दुर्बीण तयार झाली.

साध्या पांढऱ्या प्रकाशात व्रण दिसतो, गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो. जठराचा लिम्फोमा मात्र इथे डॉक्टरांना फसवतो. कुठे लालसर डाग, कुठे फिकट चट्टा, उथळ व्रण, जाड झालेल्या घड्या, म्हणजे दिसायला साधी जठराची सूज. हा लसीका पेशींचा कर्करोग. मुळात निरोगी जठरात या पेशींच्या वसाहती नसतातच. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला की त्याच्याशी लढायला त्या गोळा होतात आणि क्वचित एखाद्याच्या पोटात त्यांतल्याच काही बेलगाम वाढतात. इसाकसन आणि राइट यांनी 1983 साली हा ‘माल्ट’ लिम्फोमा वेगळा ओळखला. 1993 साली वोदरस्पून आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रतिजैविकांनी जंतू मारला तर हा कर्करोग मागे हटतो. गोळ्यांच्या कोर्सनं मागे हटणारा कर्करोग! वैद्यकशास्त्रात याहून आनंदाची गोष्ट मला तरी फारशी आठवत नाही.

पण त्यासाठी तो वेळेत सापडायला हवा. इथे नॅरो बँड इमेजिंग कामी येतं. एक बटण दाबलं की पांढऱ्या प्रकाशातले दोनच अरुंद पट्टे उरतात, 415 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि 540च्या आसपासचा हिरवा. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमके हेच रंग शोषतं. त्यामुळे वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी उठून दिसतात, खोलवरच्या निळसर-हिरव्या. सोबत दृश्य मोठं करणारी दुर्बीण असली, तर निरोगी अस्तरावरची ग्रंथींची रेखीव नक्षी आणि केशवाहिन्यांचं जाळं दिसतं. लिम्फोमाच्या जागी ती नक्षी पुसली जाते आणि फांद्या फुटलेल्या झाडासारख्या विचित्र वाहिन्या दिसू लागतात. उपचार लागू पडले की त्या नाहीशा होतात.

तरीही निदान प्रकाश करत नाही. तो फक्त तुकडा कुठून घ्यायचा ते सांगतो, आणि या आजारात तेच सर्वांत मोलाचं आहे. रोग बऱ्याचदा अस्तराच्या खोल थरात असतो, विखुरलेलाही असतो. वरवरचा एकच तुकडा घेतला तर अहवालात ‘सूज’ एवढंच येतं. म्हणून संशयित जागेतून आणि इतर भागांतूनही बरेच तुकडे घ्यावे लागतात. पुढचं काम पॅथॉलॉजिस्टचं. लसीका पेशी ग्रंथींत घुसल्यात का, पेशींवरच्या सीडी20 या प्रथिनाची रंगचाचणी काय सांगते, माल्ट आहे की मोठ्या पेशींचा आक्रमक लिम्फोमा, हे ते ठरवतात. दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी जठराच्या भिंतीचे पाच थर दाखवते. रोग किती खोल गेलाय ते त्यावरून कळतं. आक्रमक प्रकाराला केमोथेरपी लागते. माल्टमध्येही टी(11;18) हा गुणसूत्रांचा बदल असेल, तर नुसत्या प्रतिजैविकांचा उपयोग सहसा होत नाही; मग रेडिएशनचा विचार होतो.

जंतू गेल्यावरही रोग पूर्ण ओसरायला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा दुर्बीण टाकावी लागते. बरं वाटतंय आणि कापूस वेचणीला आलाय, अशा दिवसांत ही फेरी टाळण्याचा मोह होणारच. ती टाळू नका. आणि ज्यांनी अजून एकदाही तपासणी केलेली नाही, त्यांनी पित्ताच्या गोळ्यांवर महिनोन्महिने काढू नयेत. वजन उतरत असेल, शौचाला काळी होत असेल, रक्त कमी भरत असेल, उलट्या थांबत नसतील, तर लगेच दुर्बिणीची तपासणी करून घ्या. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पित्ताच्या आणि प्रतिजैविकांच्या गोळ्या चालू असताना हा जंतू तपासणीत निसटू शकतो, आणि त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरच सांगतील.