गिळलेले नाणे आणि गिळलेला सेल

शाळेत असा प्रसंग कधी ना कधी येतोच. मधल्या सुट्टीत एखादा मुलगा तोंडात धरलेले नाणे गिळून टाकतो आणि रडवेला होऊन बाईंकडे येतो. कुणी म्हणते केळे खायला द्या, कुणी म्हणते घशात बोट घालून उलटी करवा. बहुतेक वेळा नाणे काही दिवसांत शौचावाटे निघून जाते आणि त्याचे श्रेय केळ्याला मिळते. गिळलेली वस्तू आपोआप बाहेर पडते, ही समजूत अशा अनुभवांतूनच पक्की झाली आहे. नाण्याच्या बाबतीत ती पुष्कळशी खरी आहे. पण जवळजवळ त्याच आकाराच्या दुसऱ्या एका वस्तूच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. ती वस्तू म्हणजे रिमोट, वजनकाटे, लुकलुकणारी खेळणी यांत असतो तो चपटा, गोल सेल.

दोहोंत फरक कोणता, हे समजण्यासाठी आधी वाट पाहू. अन्ननलिका तीन ठिकाणी अरुंद असते : घशाखाली ती सुरू होते तेथे, छातीत महारोहिणीची कमान तिला खेटून जाते तेथे आणि ती जठराला मिळते तेथे. वस्तू अडकते ती बहुधा यांपैकी एका ठिकाणी, विशेषतः पहिल्या. एकदा जठरात पोचली की पुढचा प्रवास सहसा निर्धोक होतो. डॉक्टरांकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी ८० ते ९० टक्क्यांमध्ये वस्तू आपोआप बाहेर पडते. १० ते २० टक्क्यांमध्ये ती दुर्बिणीने काढावी लागते आणि शस्त्रक्रियेची वेळ सुमारे १ टक्का रुग्णांवर येते.

नाणे अन्ननलिकेत अडकले, तर गिळताना दुखते, लाळ गळते. पण स्टेनलेस स्टीलचे नाणे तेथे काही तास नुसते पडून राहते. त्रास फारसा नसेल तर डॉक्टर थोडी वाट पाहू शकतात; खाली सरकले नाही तर साधारण एका दिवसाच्या आत ते काढतात.

सेल मात्र नुसता पडून राहत नाही. २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल सर्वांत धोक्याचा. अन्ननलिकेच्या ओल्या भिंती त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते. ऋण टोकापाशी लाळेतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. थोडक्यात, त्या जागी तीव्र अल्कली साठू लागते. सेल फुटून आतले रसायन गळावे लागत नाही. साबूत सेलही हेच करतो. ज्यावर खेळणे चालत नाही असा ‘संपलेला’ सेलही पुरेसा असतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

हे वर्गात दाखवता येते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद मिठाच्या पाण्याने ओला करा आणि त्यावर ३ व्होल्टचा सेल ऋण बाजू खाली करून ठेवा. काही मिनिटांनी सेल उचला. ऋण टोकाजवळ पिवळा कागद लालसर झालेला दिसेल. साबण लागल्यावर हळदीचा डाग लाल होतो, तोच हा रंगबदल. सेल शिक्षकांनी स्वतः हाताळावा आणि शेवटी मोजून परत ठेवावा.

अल्कलीची ही इजा वैद्यकाला जुनीच माहीत आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हालिये जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी टोकाशी दिवा असलेल्या नळ्यांच्या साहाय्याने असंख्य रुग्णांच्या घशातून व श्वासनलिकेतून वस्तू काढल्या. त्यांच्या संग्रहातील २,३७४ वस्तू तेथील म्यूटर संग्रहालयात आहेत. त्यांत नाणी, पिना, बटणे सारे आहे. त्या काळी तेथील घरांत सफाईसाठी कॉस्टिक सोड्याचे डबे असत. तो खाऊन अन्ननलिका आकसलेली मुले जॅक्सन यांच्याकडे येत. डब्यांवर विषाची सूचना असावी यासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. आजचा सेल तोच दाहक पदार्थ शरीरात बसून तयार करतो. सेलचा कप्पा मुलांना सहज उघडता येऊ नये, असे बंधन घालणारा कायदा अमेरिकेत २०२२ मध्ये झाला.

उपचारात पहिली पायरी क्ष-किरण चित्राची. सेलच्या कडेला दुहेरी वलय दिसते, नाण्याला ते नसते. सेल अन्ननलिकेत असेल तर तो ताबडतोब दुर्बिणीने काढतात. काढल्यावर डॉक्टर कधी कधी ती जागा सौम्य ॲसेटिक आम्लाने धुतात. आपल्या आम्ल-अल्कली उदासिनीकरणाचाच हा उपयोग. मात्र घरी व्हिनेगर कधीही पाजू नये.

सेल निघाला म्हणजे संकट टळले असे नाही. भाजलेली भिंत पुढे भोक पाडून श्वासनलिकेत उघडू शकते. महारोहिणीपर्यंत इजा पोचली तर काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही, जीवघेणा रक्तस्राव होतो. बरे होताना अन्ननलिका आकसण्याचाही धोका असतो. म्हणून अशा मुलांवर बरेच दिवस लक्ष ठेवतात.

मग शाळेत काय करावे? उलटी करवू नये, केळे-भात खाऊ घालू नये. सेलची नुसती शंका असली तरी मुलाला लगेच दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. वाटेत देण्याजोगी एकच गोष्ट आहे : मध. मूल एक वर्षावरील असेल, नीट गिळू शकत असेल आणि बारा तास उलटलेले नसतील, तर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा. तो अल्कलीचा मारा काहीसा कमी करतो, सेल काढण्याची जागा घेत नाही. मध शोधण्यात वेळ दवडू नये. दोन किंवा अधिक लोहचुंबक गिळले असतील तरी अशीच घाई करावी. आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला भोक पडते.

लहान मूल आपण काय गिळले ते नेहमी सांगत नाही. अचानक खाणे नाकारणे, लाळ गळणे, छातीत दुखणे दिसले तर जवळच्या खेळण्याचा कप्पा उघडून पाहावा. प्रयोगशाळेतील जुने सेल दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटात ठेवावेत. हळदीचा प्रयोग पालकसभेत करून दाखवला, तर घरातल्या रिमोटकडेही लक्ष जाईल.