घरात कुणाला होतं? आणि कितव्या वर्षी?

नवीन डॉक्टरांकडे गेलं की केसपेपरवर नाव-वय लिहून झाल्यावर एक प्रश्न ठरलेला असतो. घरात कुणाला बीपी, शुगर, कॅन्सर? बीपी-शुगरचं समजू शकतो. पण कॅन्सरचं काय? तो काय घराण्यातून येतो?

स्तनांच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर, हो, काही घरांमध्ये येतो. हे पुराव्यानिशी दाखवणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे मेरी-क्लेअर किंग. तिथपर्यंत पोहोचायला त्यांना तब्बल १६ वर्षं लागली. आणि गंमत म्हणजे, जीवशास्त्र हा त्यांचा पहिला विषयच नव्हता!

लॅबमध्ये काही जमेना

जन्म १९४६ चा, अमेरिकेत शिकागोजवळचा. १९६६ मध्ये त्यांनी मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजमधून पदवी घेतली ती गणितात. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला आल्या आणि तिथे कर्ट स्टर्न यांचा जनुकशास्त्राचा कोर्स केला. झालं, ट्रॅक बदलला.

पण विषय आवडणं वेगळं आणि हाताला जमणं वेगळं. लॅबमधले त्यांचे प्रयोग फसायचे. बाहेर व्हिएतनाम युद्धाविरुद्धची आंदोलनं पेटलेली. मध्येच अभ्यास सोडून त्या ग्राहक चळवळीतले नेते राल्फ नेडर यांच्यासाठी काम करू लागल्या. विषय होता, कीटकनाशकांचा शेतमजुरांवर काय परिणाम होतो. त्यांना परत आणलं ते अ‍ॅलन विल्सन या प्राध्यापकांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रयोग फसले म्हणून सगळेच निघून जायला लागले, तर विज्ञान उरणारच नाही.

विल्सन यांनी त्यांना काम दिलं माणूस आणि चिंपांझी यांची रेणूंच्या पातळीवर तुलना करण्याचं. १९७५ मध्ये दोघांचा पेपर आला. माणूस आणि चिंपांझी जनुकीयदृष्ट्या जवळपास ९९ टक्के सारखे आहेत, हे वाक्य तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की ऐकलं असेल. ते इथून आलं. ‘मला लॅब जमत नाही’ म्हणून निघून गेलेल्या मुलीचा हा पीएचडीचा विषय, बरं का!

‘देवळाच्या मागे’ राहणारं जनुक

१९७४ पासून किंग यांनी स्तनांच्या कॅन्सरवर काम सुरू केलं. एकाच घरात आजी, आई, मावशी अशा अनेक जणींना हा आजार होतो, हे काही नवीन नव्हतं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६६ मध्येच आपल्या बायकोच्या माहेरची अशी नोंद करून ठेवली होती. पण त्यामागे वारशाने येणारं एखादं जनुक असेल, हे तेव्हाच्या बहुतेक शास्त्रज्ञांना पटत नव्हतं. त्यांचं लॉजिकही अगदीच चूक नव्हतं. एका घरात जेवण सारखं, हवा सारखी, सवयी सारख्या. शिवाय हा आजार इतका आढळतो की दोन बहिणींना निव्वळ योगायोगानेही होऊ शकतो. मग जनुकाचा हात आहे हे ओळखायचं कसं?

इथे गणित कामाला आलं. किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड हजारांहून जास्त कुटुंबांची माहिती तपासली. बहुतेक घरांत वारशाचा संबंध दिसेना. थोड्या घरांत मात्र आजार असा उतरत होता की एकच जनुक पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातंय असं मानलं तरच हिशेब जुळत होता.

आता ते जनुक राहतं कुठे, हे शोधायचं. तेव्हा मानवी जनुकांचा पूर्ण नकाशा तयार नव्हता. मग आपण अनोळखी गावात पत्ता शोधतो तसं करायचं. घर माहीत नाही, पण ‘मारुतीच्या देवळाच्या मागे’ एवढं कळलं तरी पुरतं. डीएनएवर अशा ओळखीच्या खुणा असतात. एखादी खूण घरातल्या आजारी बायकांमध्ये दिसत असेल आणि निरोगी बायकांमध्ये नसेल, तर जनुक तिच्या आसपास असणार. २३ कुटुंबं, त्यांत कॅन्सरच्या १४६ केसेस. एकेक खूण घ्यायची, तपासायची, बाद करायची. वर्षानुवर्षं हेच.

शेवटी १७ व्या गुणसूत्रावरची एक खूण काही घरांत चपखल बसली. काही घरांत मात्र अजिबात नाही. सगळ्यांची बेरीज केली की हाती काहीच लागेना. मग टीमने एक साधी गोष्ट केली. आजार कितव्या वर्षी झाला, त्यानुसार कुटुंबांची रांग लावली. सर्वांत तरुण वयातली घरं आधी, उतारवयातली नंतर. आणि चित्र लख्ख दिसलं! तरुण वयात आजार झालेल्या घरांमध्ये ती खूण ठामपणे जुळत होती. उतारवयातला आजार मुळात जास्त आढळतो, तो अनेकदा योगायोगाचा असतो. तोच आतापर्यंत गोंधळ करत होता. डेटा तोच होता, फक्त त्याला विचारलेला प्रश्न बदलला.

ऑक्टोबर १९९० मध्ये सिनसिनाटीतल्या परिषदेत किंग यांनी हे जाहीर केलं. त्या जनुकाचं नाव पडलं बीआरसीए-१.

शर्यत दुसऱ्यांनी जिंकली

यानंतर ते नेमकं जनुक हाती कुणाच्या लागतं, याची जगभर शर्यत लागली. ती किंग हरल्या. १९९४ मध्ये युटा राज्यातल्या टीमने बाजी मारली आणि मिरियड जेनेटिक्स या कंपनीकडे पेटंट गेलं. अमेरिकेत ही टेस्ट वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडे होती, खर्च तीन हजार डॉलरच्या वर. १३ जून २०१३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला, निसर्गात आहे तसा डीएनए कुणाच्या पेटंटचा होऊ शकत नाही.

मधल्या काळात किंग एकाच विषयाला चिकटून बसल्या नव्हत्या. १९८४ मध्ये त्या अर्जेंटिनाला गेल्या. तिथल्या लष्करी राजवटीत तरुण जोडप्यांना पळवून मारलं होतं आणि त्यांची बाळं परस्पर दुसऱ्यांना देऊन टाकली होती. त्या बाळांच्या आज्या त्यांना शोधत होत्या. आई-बाप जिवंत नाहीत, मग नातं सिद्ध कसं करायचं? मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे आईच्या आईचा आणि बाळाचा तो सारखाच असतो. किंग यांनी हाच धागा वापरला. त्या आज्यांच्या लढ्यातून आजवर १३० हून जास्त नातवंडांची ओळख पटली आहे.

आता तुमचा होमवर्क

स्तनांच्या कॅन्सरच्या साधारण ५ ते १० टक्के केसेसच वारशाच्या असतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या १०० पैकी ६० हून जास्त स्त्रियांना आयुष्यात कधी तरी हा आजार होऊ शकतो. तो बिघाड मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी. आणि मुलांनो, तुम्ही यातून सुटला नाहीत. तो वडिलांकडूनही येतो.

आपल्याकडे मात्र यावर बोलतच नाहीत. ‘मावशीला तो आजार होता ना,’ असं हळू आवाजात म्हणायचं आणि विषय बदलायचा. या गप्प बसण्यामुळे पुढच्या पिढीतल्या मुलीला धोका वेळेत कळत नाही. कळला तर तपासण्या लवकर सुरू करता येतात, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत जनुकीय समुपदेशनही मिळतं.

तेव्हा सुट्टीत सगळे जमलात की विचारा. आईच्या माहेरचं विचारा, तसंच बाबांच्या बहिणींचं, आजीचंही विचारा. कुणाला काय झालं होतं एवढ्यावर थांबू नका. कितव्या वर्षी झालं होतं, तेही विचारा आणि लिहून ठेवा. किंग यांचं कोडं त्याच आकड्याने सुटलं होतं.